अंगणातली भट्टी आणि जमिनीखालचा पाइप

अमेरिकेत मिनेसोटा, विस्कॉन्सिन किंवा न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडच्या गावांतून हिवाळ्यात गाडीने जाताना बऱ्याच घरांच्या मागे पन्नास-शंभर फुटांवर एक पत्र्याची छोटी खोली दिसते. तिला खिडकी नसते, पण धुराडं असतं, आणि शेजारी फोडलेल्या लाकडांची रास. नव्याने इकडे आलेल्या माणसाला वाटतं, कुणीतरी मांस धुरावर शिजवतंय. खरं तर त्या खोलीत अख्ख्या घराची ऊब तयार होत असते. घराच्या आत ना लाकूड येतं, ना राख, ना धूर. येतं ते फक्त गरम पाणी, तेही जमिनीखालून.

शहराबाहेर पाच-दहा एकर जागा घेऊन राहणारी मराठी कुटुंबं आता इथे बरीच आहेत, आणि 'आपणही ती भट्टी बसवू या का' हा प्रश्न कधी ना कधी निघतोच. प्रश्न विचारणारा साधारणपणे भट्टीच्या कंपनीपासून सुरुवात करतो. माझं म्हणणं असं, की भट्टी दुसऱ्या नंबरावर ठेवा. आधी जमिनीखालच्या पाइपचा आणि घरातल्या जोडण्यांचा विचार करा, कारण बहुतेक ठिकाणी पैसा तिथेच वाया जातो.

मुळात लोक या भानगडीत का पडतात, ते आधी सांगतो. खेड्यात नैसर्गिक वायूची लाइन नसते. अंगणात प्रोपेनची टाकी असते आणि टँकर येऊन ती भरून जातो. २०१४ च्या जानेवारीत मिडवेस्टमध्ये प्रोपेनचा तुटवडा पडला आणि घरगुती भाव गॅलनला चार डॉलरच्या वर गेला. त्या हिवाळ्यात ज्यांनी बिलं भरली, त्यांतल्या अनेकांनी पुढच्या उन्हाळ्यात करवत आणि लाकूड फोडायचं यंत्र घेतलं. आता त्यात भर पडली आहे मेलेल्या ॲश झाडांची. एमराल्ड ॲश बोरर नावाचा हिरवा किडा २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला, २००९ मध्ये मिनेसोटात पोचला, आणि तेव्हापासून ॲशची झाडं उभ्या उभ्या वाळताहेत. ॲशचं लाकूड जळायला उत्तम. फक्त ते एका भागातून दुसऱ्या भागात न्यायला बऱ्याच ठिकाणी बंधनं आहेत, कारण किडा लाकडाबरोबर प्रवास करतो. म्हणजे सरपण जवळपासचंच हवं.

आत काय असतं

ज्यांच्या घरी पूर्वी अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब होता, त्यांना ही भट्टी समजावून सांगायला दोन मिनिटं पुरतात. मधे जाळ, भोवती पाणी. बंबात पाणी काढून घेतलं की वरून गार पाणी ओतावं लागतं. इथे तेच पाणी घरात जाऊन, उष्णता देऊन, परत भट्टीत येतं आणि पुन्हा तापतं. पाण्याचा साठा मात्र मोठा, मॉडेलनुसार दीडशे ते चारशे गॅलन. ते साधारण १८० अंश फॅरनहाइटला, म्हणजे ८२ सेल्सिअसच्या आसपास ठेवतात. पाणी तेवढं तापलं की हवेची झडप बंद होते आणि जाळ मंदावतो. पाणी थोडं निवलं की झडप उघडते, बहुतेक भट्ट्यांत पंखाही सुरू होतो, आणि जाळ पुन्हा पेटतो.

जुन्या भट्ट्यांची बदनामी या झडपेमुळेच झाली. हवा तोडली की लाकूड जळत नाही, धुमसतं. धुमसणाऱ्या लाकडाचा धूर जाड, गार आणि चिकट असतो. तो बुटक्या धुराड्यातून बाहेर पडून वर न जाता शेजाऱ्याच्या खिडकीकडे सरकतो. लाकडातली निम्मी उष्णतासुद्धा पाण्यात उतरत नसे. तक्रारी वाढल्या, तशी राज्यांनी बंधनं घातली. न्यूयॉर्कने २०११ मध्ये नव्या भट्टीसाठी धुराडं किमान १८ फूट उंच आणि घरगुती भट्टी हद्दीपासून किमान १०० फूट आत असावी असा नियम केला. मग २०१५ मध्ये अमेरिकेच्या ईपीएने, म्हणजे पर्यावरण संरक्षण संस्थेने, देशभरासाठी धुराची मर्यादा घातली आणि १५ मे २०२० पासून ती आणखी आवळली. आज दुकानात नवी म्हणून जी निवासी भट्टी मिळेल तिच्यावर ईपीएचं प्रमाणपत्र असायला हवं. शेतातून जुनी, स्वस्तात कुणी देत असेल तर आधी आपल्या टाउनशिपचा, म्हणजे स्थानिक प्रशासनाचा, नियम वाचा. अनेक ठिकाणी ती बसवताच येत नाही.

नव्या भट्ट्यांपैकी बऱ्याच गॅसिफिकेशन पद्धतीच्या असतात. लाकूड वरच्या कप्प्यात निखाऱ्यांवर तापतं, त्यातून निघणारा वायू खालच्या उष्णतारोधक विटांच्या कप्प्यात ओढला जातो आणि तिथे हवेशी मिसळून हजार अंश सेल्सिअसच्या आसपास जळतो. धूर जवळजवळ दिसत नाही, लाकूड कमी लागतं. पण ही भट्टी नखरेल आहे. तिला सुकं लाकूडच लागतं, ओलावा वीस-पंचवीस टक्क्यांच्या आत. ओकचा ओंडका फोडून, रचून, वरून झाकून ठेवला तरी दोन उन्हाळे घेतो. यंदा तोडून यंदाच जाळायचं असा बेत असेल, तर महागडी गॅसिफिकेशन भट्टी घेऊन फक्त मनस्ताप पदरात पडेल. तीस-चाळीस डॉलरचं ओलावा मोजायचं यंत्र घ्या. ओंडका नव्याने फोडून आतल्या ताज्या बाजूला टोचा, बाहेरून टोचाल तर ते खोटं बोलेल.

केवढी घ्यायची

विक्रेता नेहमी एक माप मोठी सांगतो, आणि घेणाऱ्यालाही 'असू दे, कमी पडायला नको' असं वाटतं. लाकडाच्या भट्टीत हे अंगाशी येतं. गरजेपेक्षा मोठी भट्टी दिवसातला बहुतेक वेळ झडप बंद करून बसते. त्यातून धुमसणं, त्यातून काळा डांबरासारखा क्रिओसोट, आणि त्यातून गंज.

हिशेब अवघड नाही. गेल्या हिवाळ्याची प्रोपेनची बिलं काढा. समजा १,००० गॅलन लागलं. एका गॅलनमध्ये सुमारे ९१,५०० बीटीयू (उष्णता मोजायचं इथलं एकक) असतात. तुमची गॅसभट्टी ९० टक्के कार्यक्षम असेल, तर घराला मोसमात लागलेली उष्णता साधारण ८ कोटी २० लाख बीटीयू. आता लाकूड. इथे सरपण कॉर्डवर विकतात: ४ फूट रुंद, ४ फूट उंच, ८ फूट लांब, म्हणजे १२८ घनफुटांची रास. सुक्या रेड ओकच्या एका कॉर्डमध्ये २ कोटी ४० लाख बीटीयूच्या आसपास असतात, व्हाइट पाइनमध्ये याच्या दोन-तृतीयांशच. भट्टीने ७० टक्के पाण्यात उतरवले, तर ओकची एक कॉर्ड घराला सुमारे १ कोटी ७० लाख देते. म्हणजे वर्षाला पाच कॉर्ड ओक. ज्याला हा आकडा वाचूनच पाठ दुखल्यासारखं वाटतं त्याने इथेच थांबावं. लाकूड विकत घेऊन ही भट्टी परवडते असं मला तरी वाटत नाही. ती परवडते ज्याच्याकडे झाडं आहेत, जागा आहे आणि शनिवार मोकळा आहे त्याला.

ताशी लागणारी उष्णता वेगळी काढावी लागते. घराच्या भिंती, खिडक्या, छत आणि गावातली सगळ्यात थंड रात्र धरून हीटिंगवाला ती मोजून देतो. नीट इन्शुलेशन केलेल्या मध्यम घराला कडाक्याच्या रात्रीही ताशी ५०-६० हजार बीटीयू पुरतात. लोक मात्र ताशी अडीच लाख बीटीयूची भट्टी आणून ठेवतात.

चर खणण्याआधी

आता मुख्य गोष्ट. पाण्यातून किती उष्णता वाहून येते याचं एक सूत्र इथल्या प्रत्येक प्लंबरला पाठ असतं: ५०० गुणिले मिनिटाला किती गॅलन, गुणिले जाताना आणि येतानाच्या तापमानातला फरक फॅरनहाइटमध्ये. उत्तर ताशी बीटीयूमध्ये. मिनिटाला १० गॅलन आणि २० अंशांचा फरक, म्हणजे ताशी १ लाख. एक इंची पेक्स पाइपमधून (पेक्स म्हणजे गरम पाणी सोसणारं प्लास्टिक) आठ-दहा गॅलन आरामात जातात, त्यापुढे किंवा अंतर लांब असेल तर सव्वा इंची घ्यावा.

हेच सूत्र उलट्या बाजूने वापरा. पाइपमधलं पाणी जमिनीखाली दिवसरात्र फिरत असतं. मिनिटाला ८ गॅलन फिरताहेत आणि भट्टीपासून घरापर्यंत येऊन परत जाईपर्यंत फक्त एक अंश फॅरनहाइट जमिनीत गळतोय असं धरा. ताशी ४,००० बीटीयू. दिवसाला ९६ हजार. सहा महिन्यांच्या हिवाळ्यात १ कोटी ७० लाखांच्या पुढे. वर काढलेला हिशेब आठवा: ही बरोबर एक कॉर्ड ओक झाली. एका अंशाला एक कॉर्ड! वाईट पाइपमध्ये पाच-सहा अंश सहज गळतात. म्हणजे घराला जेवढं लाकूड तेवढंच गांडुळांना.

वाईट पाइप कसा ओळखायचा? सगळ्यात स्वस्त प्रकारात चार इंची काळ्या पन्हळी नळीत दोन पेक्स पाइप घातलेले असतात आणि भोवती चंदेरी बुडबुड्यांचा कागद गुंडाळलेला असतो. विकणारा तो हातात घेऊन त्याची चमक दाखवतो. पण ती चमक हवेच्या पोकळीत कामाची, जमिनीत दाबून बसवल्यावर तिचा उपयोग फारसा नाही. शिवाय नळीला एक चीर पडली किंवा टोक नीट बंद केलं नाही, की पावसाचं पाणी आत शिरतं आणि गरम पाइप थेट ओल्या मातीला ऊब द्यायला लागतो. असा पाइप कुठून गेलाय ते जानेवारीत विचारावं लागत नाही. दोन फूट बर्फ साचलेल्या अंगणात भट्टीपासून घरापर्यंत एक सरळ पट्टा बर्फाशिवाय असतो, कधी तर त्यात हिरवं गवतही दिसतं. मालक कौतुकाने म्हणतो, बघा, किती गरम पाणी जातंय.

चांगल्या प्रकारात दोन्ही पाइपांभोवती पॉलियुरेथेन फोम कारखान्यातच ओतून घट्ट चिकटवलेला असतो, वर जलरोधक आवरण. त्यात पाणी शिरायला आणि लांबवर झिरपायला जागाच नसते. किंमत तिप्पट-चौपट. पैसे वाचवायचेच असतील तर भट्टीचं एक मॉडेल खाली उतरा, पाइपवर वाचवू नका. भट्टी दहा-पंधरा वर्षांनी बदलता येते, चर पुन्हा कुणी खणत नाही.

पेक्स घेताना ऑक्सिजन-रोधक थर असलेलाच घ्या. चर दोन फुटांच्या आत उथळ नको. मिनेसोटात गोठणरेषा, म्हणजे हिवाळ्यात जमीन जिथवर गोठते ती खोली, दक्षिणेला साडेतीन आणि उत्तरेला पाच फूट धरतात. पाणी फिरतं असेल तर तितकं खोल जाण्याची सक्ती नाही, पण पंप बंद पडल्यास खोल पाइप जास्त वेळ तग धरतो. भूजल वर असलेल्या जागी मात्र फार खोल जाऊन पाइप पाण्यात बुडवू नका. खणण्याआधी ८११ ला फोन करा. गॅस, वीज, टेलिफोनच्या लाइनींवर ते फुकट खुणा करून देतात. भट्टीसाठी वीज लागते, तिची केबल वेगळ्या नळीतून, नियमाप्रमाणे. आणि भट्टी घराच्या कुठल्या बाजूला? इथे हिवाळ्यात वारा बहुतकरून वायव्येकडून येतो, म्हणून घराच्या आग्नेयेला. शेजाऱ्याचं घर त्या दिशेला असेल तर पुन्हा विचार करा.

घरात शिरल्यावर

बहुतेक बाहेरच्या भट्ट्या उघड्या असतात, म्हणजे टाकीला वर हवेचं तोंड असतं आणि पाण्यावर दाब नसतो. यामुळे स्फोटाचा धोका टळतो, पण तीन गोष्टी मागे लागतात.

पहिली पंपाची. दाब नसलेलं, उकळीच्या जवळचं पाणी पंपाने ओढायला गेलं की त्याची वाफ होते, पंप खडखडतो आणि लवकर मरतो. म्हणून पंप भट्टीच्या मागे, खालच्या तोंडाशी, पाणी घराकडे ढकलेल असा बसवतात. वर टाकीतल्या पाण्याचं वजन असतं, तेवढा आधार त्याला पुरतो. तळघरात परतीच्या पाइपवर पंप बसवलेला मी पाहिला आहे. दुरुस्त करायला सोपा जातो म्हणून तिथे बसवतात, आणि म्हणूनच तो सारखा दुरुस्त करावा लागतो.

दुसरी गोष्ट उंचीची, आणि ही नवख्या प्लंबरांनाही चकवते. घरातला पाइप भट्टीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर गेला, तर तिथे दाब हवेपेक्षाही कमी होऊ शकतो. अशा ठिकाणी हवा बाहेर काढायची स्वयंचलित झडप बसवली, तर ती हवा बाहेर काढण्याऐवजी आत घेते. सोपा उपाय: भट्टीचं पाणी तळघराच्या वर नेऊच नका.

तिसरी म्हणजे, घरात आधीपासून बॉयलर आणि रेडिएटर असतील तर ती यंत्रणा दाबाखाली असते. तिला उघड्या भट्टीशी थेट जोडता येत नाही. मधे प्लेट हीट एक्सचेंजर लागतो. स्टीलच्या पातळ पन्हळी पत्र्यांची, पुस्तकाएवढी वीट. एका फटीतून भट्टीचं पाणी, शेजारच्या फटीतून घराचं, मधे फक्त पत्रा. दोन्ही प्रवाह समोरासमोरून यायला हवेत. एकाच दिशेने जोडले तर घराचं पाणी कोमटच राहतं आणि मालक भट्टीला दोष देत बसतो.

अमेरिकेतल्या बहुतेक घरांत मात्र रेडिएटर नसतात, गरम हवेच्या डक्ट असतात. तिथे गॅसभट्टीच्या वरच्या डक्टमध्ये तांब्याच्या नळ्यांची आणि ॲल्युमिनियमच्या पात्यांची कॉइल बसवतात. ब्लोअरच्या, म्हणजे हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या, आधी बसवली तर तापलेली हवा ब्लोअरच्या मोटरला भाजते, म्हणून नंतर. थर्मोस्टॅटने मागितलं की ब्लोअर सुरू होतो, गॅसचा बर्नर नाही. भट्टीचं पाणी निवलं तरच बर्नर पेटावा अशी वायरिंग करून घ्या. गावाला चार दिवस गेलात तर घर आपोआप प्रोपेनवर येतं. तळाशी पाइप असलेल्या उबदार फरशीला १८० अंशांचं पाणी चालत नाही. मिक्सिंग व्हॉल्व्हने ते १००-१२० पर्यंत खाली आणावं लागतं.

अंघोळीच्या पाण्यासाठी छोटा प्लेट एक्सचेंजर गीझरच्या आधी लावतात, आणि भट्टीचं पाणी घरात शिरल्याबरोबर आधी त्यातून, मग कॉइलमधून. इथे एका वस्तूत काटकसर नाही: नळाच्या वाटेवरचा अँटी-स्कॉल्ड (भाजण्यापासून वाचवणारा) व्हॉल्व्ह, १२० अंशांवर, म्हणजे ४९ सेल्सिअसवर लावलेला. १८० अंशांचं पाणी लहान मुलाचा हात क्षणात भाजतं. विहिरीचं पाणी जड असेल तर त्या फटींत क्षार बसतात. घरात सॉफ्टनर (पाण्यातले क्षार काढणारं यंत्र) नसेल तर दोन्ही बाजूंना बंद करायचे व्हॉल्व्ह आणि धुवायची तोंडं ठेवा.

परतीचं पाणी फार गार येऊ देऊ नका. १४० अंशांच्या खालचं पाणी भट्टीच्या भिंतीवर आलं की आतल्या बाजूला धुरातली वाफ निवते, आणि ते आम्लधर्मी पाणी पोलाद खातं. थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह घराकडे जाणाऱ्या गरम पाण्यातला थोडा भाग परतीत मिसळून हे टाळतो. पाण्यात गंजरोधक रसायन घालावंच लागतं, कारण उघड्या टाकीत हवा सतत विरघळते. वर्षातून एकदा पाण्याचा नमुना तपासून घ्या. वॉरंटीच्या कागदात ही अट बारीक अक्षरांत असते.

सगळं जोडून झालं की चार थर्मामीटर आणा, एकाच पेटीतले. भट्टीतून निघताना, घरात शिरताना, घरातून निघताना, भट्टीत परतताना, अशा चार जागी पाइपला पट्टीने घट्ट बांधा, वरून फोम गुंडाळा. इन्फ्रारेड पिस्तुल चकाकत्या तांब्यावर चुकीचा आकडा देतं. पहिल्या दोघांतला आणि शेवटच्या दोघांतला फरक म्हणजे जमिनीने घेतलेली उष्णता. मधल्या दोघांतला फरक म्हणजे घराला मिळालेली. पाच मिनिटांत कळतं, तक्रार कुठे करायची ते.

वीज गेली की पंप थांबतो, आणि इथे हिमवादळात वीज जातेच. पंपाला शंभर वॉटच्या आसपास लागतात, छोटा जनरेटर पुरतो. घर वारंवार रिकामं राहणार असेल तर पाण्यात प्रोपिलीन ग्लायकॉल घाला. ते थोडी उष्णता कमी वाहतं, पण गोठत नाही. गाडीच्या रेडिएटरमधलं हिरवं एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, ते घराच्या पाण्याजवळ नकोच.

लाकूड घालताना दार एकदम उघडू नका. आधी धूर थेट धुराड्यात सोडणारी बायपास झडप उघडा, मग दार बोटभर उघडून बाजूला उभे राहा. आत अर्धवट जळलेला वायू साठलेला असतो. हवा मिळताच तो भप्पकन पेटतो आणि दाराच्या फटीतून जीभ बाहेर काढतो. अर्ध्या मिनिटात शांत होतो, मग हातमोजे घालून ओंडके आत टाका. नायलॉनचं जाकीट घालून हे काम करू नये.

एप्रिलअखेर जाळ बंद केलात की राख पूर्ण काढा, कोपऱ्यांतलीसुद्धा. राख हवेतला ओलावा धरते आणि उन्हाळाभर पोलाद कुरतडते. भिंती खरवडून तेलाचा पातळ हात द्या, धुराड्यावर डबा पालथा घाला. पाणी मात्र काढू नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा लवकर गंजते.